केरसुणी आणि पाटी



वीणेवर, टाळावर, पताकेवर, तुळशीच्या माळेवर आपल्या मासिकांतून पुष्कळ लिहून झाले आहे, आणि ते योग्यच आहे. आज जिच्याविषयी लिहितो आहे ती वस्तू दिंडीत मिरवत नाही. तिची जागा दाराआड. ती आडवी ठेवायची, उभी करायची नाही. पाय लागला तर हात लावून कपाळाला न्यायचा. दिवेलागण झाली की तिला हातात घ्यायचे नाही. आणि आश्विन अमावास्येच्या संध्याकाळी मात्र तीच पाटावर बसते, हळदकुंकू लावून घेते आणि लक्ष्मी होते. केरसुणी. कीर्तनाला वेळेचे बंधन असते. जनाबाईच्या अभंगावर उभे राहिले तरी केरसुणीला दोन वाक्ये द्यायची आणि पुढच्या चरणाकडे वळायचे, असेच चालते. लिहिताना ते बंधन नाही, म्हणून आज जरा थांबून पाहू.

आमच्या हिंगणघाटाकडे केरसुणीला फडा म्हणतात. जुन्या घरात झाडण्याची तीन साधने असत आणि त्यांची अदलाबदल चालत नसे. अंगणाला खराटा, घराला फडा, आणि जाते, चूल, देवघर यांच्यासाठी मुठीएवढा कुंचा. खराटा तुरीच्या काड्यांचा, ताठ. त्याने अंगणातला पालापाचोळा ओढावा, गोठ्यातली उष्टी वैरण एका बाजूला करावी. तो कोणी चुकून घरात आणला की म्हाताऱ्या बायका रागवत. त्या रागाला कारण होते. घराची जमीन शेणामातीने सारवलेली. तिच्यावर खराटा फिरला की सारवणाचे पोपडे निघत आणि केर कमी होण्याऐवजी वाढे. फडा मऊ. तो धूळ उचलतो, जमीन उचलत नाही.

हिंगणघाट कापसाचे गाव. वणा नदीच्या काठचा हा बाजार कापसासाठी इंग्रजी अमदानीच्या आधीपासून नावाजलेला, आणि इथल्या कापसाला गावाचेच नाव पडलेले होते. पुढे रेल्वे आली, रेचे आले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापडगिरण्या उभ्या राहिल्या. कापूस वेचणीच्या दिवसांत घराघरांत खोलीभर कापूस साठवलेला असे. त्याची तंतुरूप धूळ तुळईवर, देवळीत, पोथीच्या रुमालावर, सगळीकडे बसे. तिला ताठ काडीने हाकलले की ती हवेत उडते आणि पुन्हा जागेवर येऊन बसते. पाण्याचा हात शिंपडून, फडा जमिनीला लावून, न झटकता ओढला तरच ती गोळा होते. झाडण्यातही एक हात बसावा लागतो, हे कापसाच्या गावातल्या बायकांना सांगावे लागत नसे.

जात्याचा कुंचा तर त्याहून नाजूक कामाचा. जात्याच्या पाळीत साचलेले पीठ बोटाने काढले तर बोटाला चिकटून राहते. मऊ कुंच्याने ते एका फेऱ्यात भांड्यात येते. दळण संपल्यावर दगडाच्या टाक्यांतले पीठ झाडून घेतल्याखेरीज जाते सोडून उठायचे नाही. एक तर अन्न वाया जाऊ नये, आणि दुसरे म्हणजे राहिलेल्या पिठात किडा होऊ नये. किडा झाला की पुढच्या दळणात तो भरडला जाणार. जीव मरू नये म्हणून आधी झाडणे, ही आपल्या घरांतली जुनीच समजूत.

ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. तिच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे आली आहेत आणि त्यांत अहिंसेवर माउली फार वेळ रमतात. अहिंसक पुरुष जमिनीवर पाऊल कसे टाकतो हे सांगताना त्यांना कमळावर बसणारा भुंगा आठवतो. आतले केसर चुरगळेल या भीतीने तो पाय हळुवार ठेवतो. मग पावलांवरून माउली हातांवर येतात. त्या पुरुषाचा हात उगाच हलत नाही, आणि हललाच तर भ्यालेल्याला अभय देण्यासाठी किंवा दुःखिताला स्पर्श करण्यासाठी हलतो. तो स्पर्श असा की त्याच्यापुढे मलय पर्वतावरचा वारासुद्धा खरखरीत वाटावा, आणि अशा हाताने जनावरांना कुरवाळावे. माउलींनी इथे केरसुणीचे नाव घेतलेले नाही, आणि मी ते त्यांच्या तोंडी घालणार नाही. पण ज्याने रोज पहाटे सारवलेल्या जमिनीवरून फडा फिरवला आहे, जात्याच्या पाळीतून कुंचा फिरवला आहे, त्याला हा दृष्टांत कानाने कळण्याआधी मनगटाला कळतो.

आमच्या गावात जैन घरे आहेत. त्यांचे मुनी चातुर्मासाला येतात तेव्हा त्यांच्या हातातले साधन आपण पाहिले असेल. दिगंबर मुनींची मोरपिसांची पिच्छी, श्वेतांबर साधूंचा लोकरीच्या दशांचा ओघा. बसण्यापूर्वी, वस्तू ठेवण्यापूर्वी जागा त्याने हलकेच झाडायची, म्हणजे मुंगी-किडा दुखावणार नाही. मोराची पिसेही त्याने आपण होऊन टाकलेली. ते आणि आपण वेगवेगळ्या वाटांनी चालतो, पण मऊ झाडणीचा अर्थ दोन्हीकडे एकच लागतो.

देवघरातला आणि कीर्तनाच्या साहित्यातला कुंचा हा याच घराण्यातला. पोथीला कसर लागते, धूळ बसते. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी तिच्याच तोंडून विनवणी लिहीत असत, की मला तेलापासून राखा, पाण्यापासून राखा, सैल बांधणीपासून राखा. पोथीवरची धूळ ओल्या फडक्याने पुसू नये. ओल कागदात जिरते आणि शाई फुटते. कोरड्या मऊ कुंच्याने, पान जिथे बांधले आहे तिथून बाहेरच्या कडेकडे, एकाच दिशेने झाडावे. मागेपुढे घासले की पानाची कड फाटते. वीणेच्या तारांखालची धूळ फडक्याने निघत नाही, तिथेही कुंचाच. पखवाजाच्या शाईला पाण्याचा हात लावू नये. आता मोरपिसांचा कुंचा सर्वांना मिळत नाही. रंगाच्या दुकानात २ इंची मऊ केसांचा ब्रश मिळतो, तो नवा आणून फक्त पोथीसाठी वेगळा ठेवला तरी काम होते. पोथीचा ब्रश चुलीला लावू नये एवढेच पथ्य.

मूर्तीचे मात्र सांगतो, आणि थोडे कडक सांगतो. पितळी बाळकृष्ण, रखुमाई-विठ्ठल चिंचेने, राखेने, नाही तर बाजारच्या पावडरीने दर एकादशीला चकचकीत करण्याची आपल्याला हौस. दोन पिढ्यांत देवाचे नाक जाते, तिसऱ्या पिढीत डोळे. चकाकी आली म्हणजे भक्ती झाली असे नाही. एरवी मऊ कुंच्याने धूळ काढावी, कोमट पाण्याने स्नान घालावे, सुती कापडाने टिपावे. घासणे वर्षातून एखाददुसऱ्या वेळी पुरे. पंढरीच्या सावळ्या मूर्तीचे उदाहरण आपल्यासमोर आहे. शतकानुशतके दूध, दही, मध, साखर यांचे अभिषेक आणि लाखो हातांचे स्पर्श यांनी पाषाण झिजला. म्हणून अभिषेक आवरावे लागले, वज्रलेप द्यावे लागले. जून २०२० मध्ये, मंदिर भाविकांना बंद असताना, आषाढीच्या आधी असाच एक वज्रलेप झाला. त्या वर्षी आपण कोणी चालत गेलो नाही, पादुका एसटीच्या गाडीतून गेल्या. देवाला आपल्या प्रेमापासूनही जपावे लागते, हे ऐकायला अवघड जाते, पण पाषाणाची झीज कोणाचे मन पाहत नाही.

आता ज्या हातांनी फडा बांधला त्यांच्याकडे वळू.

फडा शिंदीच्या पानांचा. शिंदीची झाडे ओढ्याकाठी, ओलसर पडीक जागेत उगवतात. पाने टोकदार, तोडताना हाताला ओरखडे निघतात. ती वाळवायची, मग पात्या चिरून चिरून दोऱ्यासारख्या बारीक करायच्या, मूठ जमवायची आणि घट्ट बांधायची. पात जितकी बारीक चिरली तितका फडा मऊ. म्हणजे तुमच्या घरच्या फड्याची मऊ धार ही दुसऱ्या कोणाच्या तरी ओरखडलेल्या बोटांतून येते. महाराष्ट्रात हे काम परंपरेने मातंग समाजाचे. दोर वळणे त्यांचे, केरसुण्या बांधणे त्यांचे, आणि मंगलकार्यात वाजवणेही त्यांचे. दिवाळीच्या आधी ती बाई नवी केरसुणी घेऊन दारात येई. धान्य, फराळ, काही नाणी पदरात घेई आणि परत जाई. दारातूनच.

माउली, हे नीट पाहा. केरसुणी उंबरठा ओलांडून आत आली, पाटावर बसली, तिला हळदकुंकू वाहिले, घरधन्याने तिच्यापुढे हात जोडले. तिला बांधणारे हात उंबरठ्याबाहेर राहिले. लक्ष्मी आत आणि लक्ष्मी घडवणारी बाहेर. हे शतकानुशतके चालले आणि धर्म म्हणून चालले.

या कोड्याचे उत्तर आपल्या संप्रदायात फार पूर्वी दिले गेले आहे. देणारी एक दासी होती. गंगाखेडची जनाबाई, पंढरपुरात नामदेवरायांच्या घरी राबणारी. तिच्या एका अभंगाचा आशय आपणां सर्वांना पाठ आहे. जनी झाडलोट करते आणि केर भरतो तो चक्रपाणी. मग तो पाटी डोक्यावर घेतो आणि दूर नेऊन टाकतो. भक्तीला भुलून देव हलकी कामे करू लागला, असे ती पुढे सांगते, आणि शेवटी त्यालाच विचारते की तुझी उतराई मी कशी होऊ.

आता या अभंगातली कामाची वाटणी पाहा. जनी झाडते आहे. झाडणे हे घरातले काम. ते घरची सून करते, दासी करते, आत राहून करता येते. पण केर भरून पाटी डोक्यावर घेणे आणि गावाबाहेर नेऊन टाकणे हे वेगळे काम. त्या कामाची माणसे वेगळी, त्यांची वस्ती वेगळी, त्यांची सावली वेगळी. केरसुणीला लक्ष्मी म्हणता येते. पाटीला कोणी लक्ष्मी म्हटले नाही. वैकुंठाचा धनी जनीच्या घरी आला तेव्हा त्याने दळण कांडण केले, पाणी भरले, हे सारे आपण कौतुकाने गातो. पण झाडण्याच्या वेळी त्याने केरसुणी मागून घेतली नाही. ती जनीच्या हातात राहू दिली आणि स्वतः पाटी उचलली. वरची पायरी भक्ताला आणि सर्वांत खालची देवाला. त्या काळी हे म्हणणे साधे नव्हते. ज्या गावात पाटी उचलणाऱ्याला देवळाच्या पायरीवर मज्जाव होता, त्याच गावात एक दासी म्हणते की पाटी उचलणारा तो देवच आहे. मग देवळात उरले कोण?

चोखोबांचे स्थान महाद्वारात आहे, तिथे आपण सारे डोके टेकवतो. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून त्यांचा देह पडला, नामदेवरायांनी अस्थी आणल्या आणि महाद्वारात समाधी झाली. पण चोखोबांच्या नंतरही सहाशे वर्षे त्यांच्या लेकरांना ते द्वार ओलांडता आले नाही. ते उघडले मे १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या दहा दिवसांच्या उपोषणानंतर. हा हिशेब आपल्या संप्रदायाने विसरू नये, म्हणून इथे नोंदवतो.

शास्त्राधार विचारणारे एकनाथ महाराजांकडे जावेत. भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांची टीका शके १४९५ मध्ये वाराणसीस पूर्ण झाली. त्या स्कंधाच्या अकराव्या अध्यायात श्रीकृष्ण उद्धवाला भक्तीची लक्षणे सांगतात. त्यांत संमार्जन आहे, उपलेपन आहे, सडा आहे, रांगोळी आहे. म्हणजे झाडणे, सारवणे, शिंपणे आणि रेखणे, आणि हे सारे दासासारखे, कपट न ठेवता. त्याला लागूनच पुढच्या श्लोकात एक अट येते. मान नको, दंभ नको, आणि केलेल्या कामाचा डांगोरा नको. झाडण्याचा उपदेश आणि त्याचा गवगवा न करण्याचा उपदेश असा शेजारी शेजारी ठेवलेला आहे, हे मला फार मार्मिक वाटते. कारण झाडून झाल्यावर माणसाला मागे वळून पाहायची आणि कोणी पाहिले का हे बघायची सवय असते. अलीकडे स्वच्छतेच्या मोहिमा निघतात, पांढरे कपडे, नवे कोरे झाडू, समोर छायाचित्रकार. फडा नवा असतो हे त्याच्या बांधलेल्या सुतळीवरून ओळखू येते.

जगन्नाथपुरीला रथयात्रेच्या दिवशी गजपती राजा सोन्याच्या मुठीच्या झाडूने रथाची जागा झाडतो. मोठी सुंदर प्रथा आहे. राजाने झाडू घ्यावा, हे मोठेपणच. तरी जनीचा देव मला त्याहून जवळचा वाटतो. राजा झाडतो, पण केर दुसरा कोणी उचलतो.

पाटी उचलणारे लोक आमच्या वर्धा मुलखाने पाहिले आहेत. १९२८ साली जमनालाल बजाजांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. १९३४ पासून महात्माजी वर्ध्यात आणि १९३६ पासून शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहू लागले. आश्रमात संडास साफ करणे हे प्रत्येकाचे काम होते. मोठ्या घरचे, शिकलेले लोक येत आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात झाडू आणि बादली येई. पण या सर्वांत मला विनोबाजींची सुरगावची गोष्ट वारकऱ्यांची वाटते.

पवनारला धाम नदीच्या काठी विनोबाजींचा आश्रम. तिथून जवळ सुरगाव. १९४६ साली त्यांनी ठरवले की आपण या गावाचे सफाई कामगार व्हायचे. रोज खांद्यावर फावडे टाकून चालत जायचे, रस्त्याकडेचा मैला उचलायचा, मातीआड करायचा आणि परत यायचे. ऊन असो, पाऊस असो. गीताई लिहिणारा, ज्ञानोबारायांवर जीव असलेला हा पुरुष गावात जाऊन व्याख्यान देत नसे. एकदा पावसाळ्यात वाटेतल्या ओढ्याला पूर आला. पलीकडे जाणे अशक्य. विनोबाजी काठावर उभे राहिले आणि पलीकडच्या काठावरच्या माणसाला ओरडून म्हणाले की गावातल्या देवळात जा आणि देवाला सांग, गावचा भंगी आला होता. मग ते परतले. गावाच्या पाटलाला नाही, पंचायतीला नाही, निरोप देवाला. कामावर हजेरी लावायची तर ती ज्याची पाटी आहे त्याच्याकडे. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर निर्वासितांच्या कामासाठी त्यांना निघावे लागले, तोपर्यंत हा नेम चालला.

गाडगेबाबांविषयी आपणांस नव्याने काय सांगावे? २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परटाच्या घरी जन्मलेला डेबूजी, १९०५ साली घर सोडून निघाला, अंगावर चिंध्या, डोक्यावर फुटके गाडगे, हातात खराटा. दिवसा खराटा, रात्री कीर्तन. मी कीर्तनकार आहे, म्हणून त्यांच्या कीर्तनाकडे धंद्याच्या नजरेने पाहतो. आम्ही अभंग लावतो, प्रमाणे देतो, मग सिद्धान्त मांडतो. बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. पण त्यांच्या कीर्तनाचे खरे पूर्वपीठ दिवसा झालेले असे. ज्या रस्त्यावरून लोक कीर्तनाला चालत येत, तो रस्ता सकाळपासून त्यांनी झाडलेला. रात्री जेव्हा ते स्वच्छतेविषयी बोलत तेव्हा प्रमाण श्रोत्यांच्या पायाखाली पसरलेले असे. असे प्रमाण आम्हाला कोणालाही देता आले नाही.

त्यांनी फडा घेतला नाही, खराटा घेतला, हेही लक्षात घ्या. फडा आपल्या घराचा, खराटा सर्वांच्या अंगणाचा. पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि १९४९ साली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्यांना महाद्वारात थांबवले गेले त्यांना निदान पाठ टेकायला छप्पर असावे, म्हणून बांधलेली वास्तू शेवटी त्यांच्या लेकरांच्या शिक्षणासाठी गेली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी, गाडीतच बाबांचा देह पडला. घर सोडल्यापासून वाटेवर होते, वाटेवरच गेले.

आता पंढरीकडे. आषाढी-कार्तिकीच्या यात्रेत देवाचा पलंग काढून ठेवतात, हे आपण जाणता. लेकरे दर्शनाला येतात म्हणून देव झोपत नाही, रात्रंदिवस विटेवर उभा. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाच्या पायांना लिंबू-साखर चोळतात, ऊन पाण्याने स्नान घालतात, गाभारा, सभामंडप धुऊन काढतात, पलंग पुन्हा आत जातो. देवाचा शिणवटा काढायचा. दगडाच्या मूर्तीला थकवा येतो असे मानणारा, आणि तो हळुवार हातांनी उतरवणारा आपला संप्रदाय. मला या पूजेइतकी कोवळी पूजा दुसरी ठाऊक नाही.

त्याच दिवसांत देवळाबाहेर आणखी एक प्रक्षाळ चाललेला असतो. आपण लाखोंनी येतो, चार-पाच दिवस राहतो, काला करून निघतो. मागे पत्रावळी, प्लास्टिक, चिंध्या, आणि वाळवंटात त्याहून वाईट असे बरेच राहते. ते झाडणारे, भरणारे, उचलणारे नगरपालिकेचे कामगार यात्राभर आणि यात्रेनंतर राबतात. हाताने मैला उचलायला लावणे कायद्याने १९९३ मध्ये बंद झाले, २०१३ मध्ये नवा आणि अधिक कडक कायदा झाला. तरीही वारीनंतर पंढरपुरात माणसांना ते करावे लागते, ही तक्रार मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली आणि न्यायालयाने शासनाला शौचालयांची सोय करायला लावली. मग वाळवंटातले तंबू उठले, ६५ एकरांवर दिंड्यांच्या राहुट्यांची जागा झाली, पालखी मार्गावर फिरती शौचालये आली. चांगले झाले. पण जे जनाबाईने तेराव्या-चौदाव्या शतकात सांगितले त्यासाठी आपल्याला न्यायालयाचा आदेश लागला, हे वारकऱ्याच्या मनाला टोचले पाहिजे. पाटी डोक्यावर घेणारा आपला देव आहे असे आपण टाळ वाजवून गात होतो, आणि त्या देवाच्या डोक्यावर आपणच पाटी भरत होतो.

घरातले चित्रही बदलले आहे. सारवणाच्या जागी फरशी आली आणि फड्याच्या जागी फूलझाडू. ते ईशान्येकडच्या डोंगरांतल्या गवताच्या तुऱ्यांचे; मेघालय, आसामकडून येते. फरशीवरची बारीक धूळ ते फड्याहून चांगली ओढते, हे मान्य करावे लागते. प्लास्टिकचेही झाडू आले. शिंदीचा फडा आता आमच्याकडे बहुतेक दिवाळीच्या पूजेपुरता उरला. बाजारात तो मांडून बसलेल्या बाईशी दोन-पाच रुपयांसाठी घासाघीस करणारी मंडळी फटाक्यांच्या दुकानात तोंड उघडत नाहीत. फडा घेताना तो हातावर ओढून पाहावा. पात बारीक चिरलेली असेल तर बोचणार नाही. वापरण्यापूर्वी एकदा झटकून घ्यावा, ओला करून ठेवू नये, टांगून ठेवल्यास वाकत नाही. टांगणे मात्र जुन्या बायकांना पटत नसे, त्या आडवाच ठेवीत.

आमच्या दिंडीत एक नेम काही वर्षांपासून आहे. आषाढी पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो. जनाबाईचे जाते दाखवतात ते हेच गोपाळपूर. काला करून दिंडी राहुटीच्या जागेवर परत येते, सामान ट्रकमध्ये चढते. त्यानंतर बायका फडे घेतात, तरुण मुले खराटे घेतात, आणि जेवढ्या जागेवर आपण राहिलो तेवढी जागा झाडली जाते. चुलीची राख, पत्रावळीचे तुकडे, गुळाचा कागद, सारे एका ढिगात येते. मग विणेकरी बुवा गळ्यातली वीणा काढून दुसऱ्याच्या गळ्यात देतात, डोक्याला उपरण्याची चुंबळ करतात आणि पहिली पाटी उचलतात. दुसरी कोणाची यावर दरवर्षी थोडी ओढाताण होते. यंदा ती एका सतरा वर्षांच्या मुलीने घेतली आणि बुवांच्या पुढे निघून गेली.